प्रोग्राम पडला तर ट्रेसबॅक बघायचा की कोअर डंप? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की जिनिंगच्या काट्यावर रात्री दहालासुद्धा गाड्या उभ्या असतात. नेमका तेव्हाच फोन येतो, "भाऊ, सॉफ्टवेअर पडलं." स्क्रीनवर काय आलं होतं विचारलं की उत्तर ठरलेलं: "इंग्रजीत लय काहीतरी आलं होतं, म्या बंद करून परत चालू केलं."

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही काट्यांचे आणि दोन-तीन सेवा केंद्रांचे प्रोग्राम मी सांभाळतो. बहुतेक पायथनमधले, त्याखाली सीमध्ये लिहिलेल्या लायब्ऱ्या, काही लिनक्सवर तर काही विंडोजवर. नव्याने प्रोग्रामिंगला लागलेली तालुक्यातली पोरं मला जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे लिहून ठेवलं आहे. आज्ञा फोनवर सांगतो तशाच देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजीत करायच्या.

प्रोग्राम पडला. सगळ्यात आधी काय बघू?

तो कोणी पाडला ते बघा. पडण्याचे मुख्य प्रकार दोन. एकात भाषेला स्वतःलाच कळतं की पुढे जाता येत नाही. ती थांबते, आपण कुठून कुठे आलो ते सांगते आणि मग बंद होते. ते सांगणं म्हणजे ट्रेसबॅक. दुसऱ्यात प्रोग्राम आपली नसलेली मेमरी चाचपायला जातो आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल त्याला जागच्या जागी संपवतो. बोलायला वेळच मिळत नाही. शेतात वीज पडून गेलेल्या माणसाचा मृत्युपूर्व जबाब कुठून आणणार? तिथे शवविच्छेदनच करावं लागतं, आणि कोअर डंप म्हणजे त्यासाठी जपून ठेवलेलं शव.

कोणता प्रकार झाला ते एका आकड्यावरून कळतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये प्रोग्राम पडल्या पडल्या, दुसरं काहीही टाइप करायच्या आत, इको डॉलर प्रश्नचिन्ह मारा. १ आला तर पायथनमध्ये न पकडलेली चूक झाली, म्हणजे ट्रेसबॅक कुठेतरी छापला गेलाय, तो शोधा. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, थोडक्यात सेगफॉल्ट, वर सांगितलेला परक्या मेमरीचा प्रकार. १३४ म्हणजे प्रोग्रामने किंवा त्याच्या एखाद्या लायब्ररीने स्वतःच अबॉर्ट केलं, म्हणजे काम सोडून दिलं. १३७ म्हणजे बाहेरून कोणीतरी ठार केलं. हे आकडे पाठ करायची गरज नाही. प्रोग्रामला ज्या इशाऱ्याने संपवलं जातं तो सिग्नल, आणि शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा घेणारा प्रोग्राम, त्याच्या क्रमांकात १२८ मिळवतो, एवढं ध्यानात ठेवा: सिग्नल ११ चे १३९, ६ चे १३४, ९ चे १३७. पायथनच्या सबप्रोसेसमधून, म्हणजे एका पायथन प्रोग्राममधून दुसरा, चालवलं असेल तर तोच ११ उणे होऊन, -११ असा दिसतो.

ट्रेसबॅक कुठून वाचायचा, वरून की खालून?

पायथनचा खालून. अगदी शेवटच्या ओळीत चुकीचं नाव आणि कारण असतं, तिच्या वर ती जिथे उघड झाली ती ओळ, तिच्या वर तिला बोलावणारी, असं वर वर मूळ सुरुवातीपर्यंत. वरची पहिली ओळही तेच सांगते, की सगळ्यात अलीकडचा कॉल शेवटी आहे. ती ओळ कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

जावात उलटं. अलीकडचा कॉल वर, आणि खाली 'कॉज्ड बाय' असे एकाखाली एक गठ्ठे असतील तर मूळ कारण सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात. पायथनमध्ये एक चूक सांभाळताना दुसरी झाली तर दोन ट्रेसबॅक एकाखाली एक येतात. तिथे दुखण्याची सुरुवात वरच्या गठ्ठ्यात असते आणि बहुतेक जण खालच्याशीच झुंजत बसतात.

पायथन ३.११ पासून ओळीतला नेमका कोणता भाग फसला त्याखाली खुणाही येतात. एकाच ओळीत चार कंस आणि तीन भागाकार लिहायची सवय असलेल्यांसाठी एवढ्या एका कारणावरून जुनी आवृत्ती बदलावी.

शेवटची ओळ वाचली, पण त्या ओळीत तर काहीच चूक नाही!

बहुतेकदा नसतेच. चूक जिथे लक्षात आली ती जागा ट्रेसबॅक दाखवतो. ती जन्माला कुठे आली ते शोधणं आपलं काम.

एका काट्यावरची गोष्ट. वजनाच्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने आकडे येतात, आणि एक ओळ वाचून तिची संख्या करायची एवढंच काम. एका रात्री प्रोग्राम पडला. शेवटची ओळ: व्हॅल्यूएरर, मजकुराची दशांश संख्या करता येत नाही, आणि पुढे अवतरणचिन्हांत काहीच नाही, रिकामं. ती रिकामी अवतरणचिन्हं हाच खरा पुरावा होता. ओळ वाचणाऱ्या फंक्शनला एक सेकंदाची मुदत दिली होती आणि लाइट फडफडली की इंडिकेटर क्षणभर गप्प बसायचा. मुदत संपली की ते फंक्शन चूक देत नाही, तोवर जेवढं आलं तेवढं हातात ठेवतं. काहीच आलं नसेल तर रिकामं.

मी रिकाम्याची तपासणी घालून मोकळा होणार होतो. मग घाम फुटला. काहीच न येता मुदत संपू शकते, तर अर्धं येऊनही संपू शकते. ८४५० मधले पहिले दोनच आकडे आले तर? ८४ ही संख्या अगदी व्यवस्थित होते, ट्रेसबॅक येत नाही, प्रोग्राम पडत नाही, आणि कापसाच्या गाडीची पावती ८४ किलोची निघते. पडला म्हणून कळलं तरी. आता ओळ संपल्याची खूण आणि आकड्यांची ठरलेली संख्या, दोन्ही जुळल्याशिवाय काटा वजन मान्य करत नाही.

वर्धा टाकलं की पडतं, यवतमाळ टाकलं की चालतं. हे काऊन?

चेष्टा नाही, हा प्रश्न मला खरोखर आला होता. विंडोजवर शेतकऱ्यांची यादी वाचताना 'युनिकोडडिकोडएरर', कॅरॅक्टर मॅपला ८डी हा बाइट कळत नाही, असा ट्रेसबॅक येत होता.

फाइल यूटीएफ-८ मध्ये होती. उघडताना एन्कोडिंग, म्हणजे बाइटांची अक्षरं कोणत्या कोष्टकाने करायची ते, सांगितलं नव्हतं, म्हणून पायथनने विंडोजचं जुनं १२५२ नंबरचं कोष्टक धरलं. त्या कोष्टकात पाच जागा रिकाम्या आहेत, ८डी ही त्यातली एक. आणि देवनागरीतला पाय मोडायचा हलन्त यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा असतो, त्यातला शेवटचा बाइट हाच ८डी. वर्धा या नावात जोडाक्षर आहे, म्हणून पडतं. चंद्रपूरही पडतं. यवतमाळ, नागपूर, अमरावती यांत जोडाक्षर नाही, म्हणून ती पडत नाहीत. पण नीट वाचलीही जात नाहीत, टोपी-टिंबांची रोमन अक्षरं होऊन पुढे जातात आणि डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. झ, ए आणि ऐ यांचे शेवटचे बाइटही त्याच रिकाम्या जागांवर पडतात, म्हणून झरी-जामणीवाल्यांचीही तीच तक्रार.

उपाय एका शब्दाचा: फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. एक्सेलमधून आलेली फाइल असेल तर यूटीएफ-८-सिग, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाच्या सुरुवातीला न दिसणारी खूण चिकटते आणि 'कीएरर' येतो. इथे कोअर डंपचा काही संबंध नाही.

ट्रेसबॅकमधली ओळ माझ्या फाइलशी जुळत नाही. ट्रेसबॅक खोटं बोलतो का?

बोलतो, आणि दोष आपला असतो. चुकीच्या वेळी पायथन ओळीचा क्रमांक मेमरीतून घेतो, पण त्या ओळीचा मजकूर डिस्कवरच्या फाइलमधून वाचून छापतो. चालू प्रोग्रामची फाइल तुम्ही मध्येच बदलली असेल तर क्रमांक जुना आणि मजकूर नवा. रिकामी ओळ किंवा कॉमेंट फसल्यासारखी दिसली की समजा, कोणीतरी फाइल बदलली पण प्रोग्राम पुन्हा सुरू केला नाही.

आकडा १३९ आला आणि ट्रेसबॅक एक ओळही नाही. आता?

आता सीच्या राज्यात आलात. शुद्ध पायथन कोड सहसा सेगफॉल्ट होत नाही. खाली कॅमेऱ्याची, प्रिंटरची, इमेज वाचायची, कुठली ना कुठली सीमधली लायब्ररी असते.

कोअरच्या मागे लागण्याआधी दोन स्वस्त गोष्टी करा. एक, डीमेसेज बघा, टाइप करताना डीएमईएसजी. कर्नल एका ओळीत लिहून ठेवतो: कोणता प्रोग्राम, कोणत्या पत्त्यावर हात घालताना मेला, आणि कोणत्या लायब्ररीत. त्या लायब्ररीचं नाव वाचूनच निम्म्या वेळा काम भागतं. दोन, फॉल्टहँडलर चालू करा. हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून सोबतच येतं. पायथनफॉल्टहँडलर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, किंवा पायथनला डॅश मोठा एक्स फॉल्टहँडलर द्या. मग सेगफॉल्ट झाला तरी मरता मरता तुमच्या पायथन कोडची कोणती ओळ चालू होती ते लिहून जातो. वेग कमी झाल्याचं मला तरी कधी जाणवलं नाही. माझ्या सगळ्या काट्यांवर ते कायम चालू असतं, आणि तुमच्याकडे का नाही याचं पटण्यासारखं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

मग कोअर डंप कशाला लागतो? आणि 'कोअर' कशाचा?

नाव जुन्या काळातलं. १९५० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत संगणकाची मुख्य मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची असायची, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांसारख्या तारांत ओवलेल्या. त्या कडीला कोअर म्हणत. मेमरी बदलली, नाव राहिलं.

मेला त्या क्षणी प्रोग्रामच्या मेमरीत जे होतं ते आणि प्रोसेसरची रजिस्टरं, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा, असं सगळं त्या फाइलमध्ये असतं. ट्रेसबॅक फक्त वाट सांगतो. वाटेत कोणाच्या खिशात काय होतं ते सांगत नाही. वरच्या काट्याच्या गोष्टीत रिकामा मजकूर दिसला तो केवळ पायथनने तो संदेशात छापला म्हणून. कोअरमध्ये प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये सोबत चालणारा कामाचा धागा, प्रत्येक व्हेरिएबल, सगळे खिसे उलटे करून बघता येतात. आणि ते नंतर, सवडीने, गाड्यांची रांग संपल्यावर.

'कोअर डम्प्ड' असं लिहून आलं, पण फाइल कुठेच नाही.

याचं उत्तर प्रत्येक लिनक्सवर वेगळं आहे, म्हणून क्रमाने बघा. पहिलं, यूलिमिट डॅश-सी. शून्य आलं तर साधी कोअर फाइल लिहायचीच नाही असा नियम आहे. त्यालाच अनलिमिटेड जोडून पुन्हा मारा. हे त्या टर्मिनलपुरतं असतं. सिस्टीमडीची, म्हणजे लिनक्स मागे आपोआप चालवतं ती, सर्व्हिस असेल तर तिच्या फाइलमध्ये लिमिटकोअर इन्फिनिटी लिहावं लागतं, टर्मिनलमधलं तिला लागू नाही. यात मी एक पूर्ण हंगाम घालवलाय.

दुसरं, प्रोक-सिस-कर्नल या फोल्डरातली कोअर-पॅटर्न (मध्ये अंडरस्कोर) नावाची फाइल वाचा. तिच्यात नुसतं नाव असेल तर कोअर प्रोग्रामच्या चालू फोल्डरात पडतो, अर्थात तिथे लिहायची परवानगी असेल तर. सुरुवातीला उभी दांडी असेल तर कर्नल कोअर दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देतो. तो सिस्टीमडी-कोअरडंप असेल तर कोअरडंपसीटीएल लिस्ट मारा, यादी समोर येईल. उबुंटूवर ॲपोर्ट असतो, आणि पॅकेजमधून न आलेल्या, म्हणजे तुम्ही घरी लिहिलेल्या, प्रोग्रामकडे तो सहसा ढुंकून बघत नाही.

सापडली. उघडू कशी?

जीडीबी या डीबगरने, म्हणजे प्रोग्रामच्या आत डोकावायच्या हत्याराने. आज्ञा अशी: जीडीबी, मग पडलेला प्रोग्राम, मग कोअर. पायथनचा प्रोग्राम असेल तर इथे 'पडलेला प्रोग्राम' म्हणजे पायथन स्वतः, तुमची स्क्रिप्ट नव्हे. कोअरडंपसीटीएल असेल तर त्यालाच जीडीबी म्हणा, तो जोडी लावून देतो. आत गेल्यावर बीटी, म्हणजे बॅकट्रेस, कॉलची वाट. अनेक थ्रेड असतील तर थ्रेड अप्लाय ऑल बीटी. फ्रेम ३ म्हणून ३ क्रमांकाच्या पायरीवर जा, इन्फो लोकल्सने तिथले व्हेरिएबल बघा.

सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं आली तर डीबग सिम्बॉल, म्हणजे फंक्शनांची नावं आणि ओळींचे क्रमांक, नाहीत, किंवा कोअर एका बिल्डचा आणि प्रोग्राम दुसऱ्या बिल्डचा. तुमचा स्वतःचा सी कोड असेल तर डॅश-जी लावून बिल्ड करा आणि काट्यावर पाठवलेल्या प्रत्येक बिल्डची एक प्रत घरी जपा. पडल्यानंतर पुन्हा कंपाइल करून जुना कोअर उघडू नका, ओळी जुळल्यासारख्या दिसतात आणि भलतीकडे नेतात.

पायथनचा कोअर उघडला की पायथनच्या पोटातली सीची फंक्शनं दिसतात, तुमची नाही. पायथनची जीडीबी जोडणी बसवलेली असेल तर पीवाय-बीटी मारा, मग तुमची नावं दिसतील.

कोअरने खरोखर काही सापडल्याचं एखादं उदाहरण?

गाडी काट्यावर चढली की फोटो काढायचा. कॅमेऱ्याची लायब्ररी सीमधली, पायथनमधून सीटाइप्सने, म्हणजे सीची फंक्शनं बोलावायच्या मॉड्यूलने, बोलावलेली. जुन्या ३२ बिटच्या संगणकावर बिनतक्रार चालत होती. नवा ६४ बिटचा आणला आणि पहिल्याच फोटोला १३९. फॉल्टहँडलरने ओळ दाखवली, फोटो काढायच्या कॉलची. ओळ निर्दोष. विकणाऱ्याचं म्हणणं, तुमच्या वायरिंगमध्ये दोष आहे. वायर बदलली. पुन्हा १३९.

लायब्ररीत सिम्बॉल नव्हते, म्हणून बीटीत प्रश्नचिन्हं. मग इन्फो रजिस्टर्स. पहिला आर्ग्युमेंट ज्या रजिस्टरमध्ये जातो त्यात कॅमेऱ्याचा पत्ता असायला हवा होता. तो आठ अंकी निघाला, आणि त्याच कोअरमधले मेमरीचे बाकी पत्ते बारा अंकी होते. वरचे चार अंक कोणीतरी कापले होते. कापणारा मीच. फंक्शन काय परत देतं ते सांगितलं नाही तर सीटाइप्स ३२ बिटांचा पूर्णांक धरून चालतो. ३२ बिटच्या संगणकावर पत्ता त्यात मावायचा, ६४ वर अर्धा तुटला. परत काय येतं ते सांगणारी रेसटाइपची एक ओळ लिहिली. तरी पडलं! कारण परत येताना पत्ता पूर्ण झाला, पण पुढच्या फंक्शनला देताना आर्गटाइप्स, म्हणजे काय दिलं जातंय त्याचे प्रकार, सांगितले नव्हते, म्हणून जाताना पुन्हा कापला जात होता. दुसरी ओळ लिहिली आणि फोटो निघाला. विकणाऱ्याला फोन करून वायरचं बिल मागायचं राहून गेलं.

आकडा १३७ आला. कोअरही नाही, ट्रेसबॅकही नाही.

मिळणारही नाही. सिग्नल ९ कोणाला पकडता येत नाही आणि त्यात कोअर लिहिला जात नाही. डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. कमी रॅमच्या छोट्या बोर्डावर वर्षभराची यादी एकदम मेमरीत ओढली की कर्नल तुमचा बळी देऊन बाकीच्यांना वाचवतो. दोष शोधायचा तो मेमरी कोण खातंय इथे.

लाइट गेली तर?

काहीच उरत नाही. लास्ट डॅश-एक्स मारून मशीन कधी बंद-चालू झालं ते बघा. डीपी जळाल्याच्या वेळेशी जुळलं तर सॉफ्टवेअरला शिव्या देणं थांबवा आणि यूपीएसची बॅटरी बदला.

पडत नाही, नुसतं अडकून बसतं.

मारू नका, मारलं की पुरावा गेला. पायथन असेल तर पीवाय-स्पाय डंप, पुढे प्रोसेस क्रमांक, सूडो लावून. चालत्या प्रोग्रामचा ट्रेसबॅक दिसतो आणि तो चालतच राहतो. सी असेल तर जीकोअर, जिवंतपणीच कोअर काढून देतो. आमच्याकडे अडकलेले बहुतेक प्रोग्राम नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत बसलेले निघाले, मुदत न देता.

कोअर फाइल तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवू?

अजिबात नको. सेवा केंद्रावरच्या प्रोग्रामच्या मेमरीत त्या क्षणी आधार क्रमांक, बँक खाती, तुमचा पासवर्ड, सगळं उघडं पडलेलं असतं, आणि तेच फाइलमध्ये उतरतं. बीटीचा मजकूर पाठवा, तोही एकदा डोळ्यांखालून घालून. काम झालं की कोअर पुसा, मेमरी कार्डही त्यानेच भरतं.

विंडोजवर यातलं काय लागू?

ट्रेसबॅक तसाच. कोअरऐवजी डंप फाइल, ती विनडीबीजी या डीबगरात उघडते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सीला लागून सहा शून्यं आणि पाच असा कोड दिसला, किंवा प्रोग्राम -१०७३७४१८१९ देऊन बंद झाला, तर तो तिथला सेगफॉल्ट. अडकलेल्या प्रोग्रामचा डंप टास्क मॅनेजरमधूनच काढता येतो.

सगळीकडे ट्राय लावून एक्सेप्टमध्ये पास लिहिलं, आता पडतच नाही. चालेल ना?

राजेहो, हे करू नका. ८४ किलोची पावती आठवा. चूक पकडायचीच असेल तर लॉगिंगच्या एक्सेप्शन फंक्शनने पूर्ण ट्रेसबॅक फाइलमध्ये लिहा आणि मग काय ते करा. सेगफॉल्टला तर ट्राय अडवतच नाही.

हे सगळं लावलंय, पण वेळेवर चालेल याची खात्री कशी करू?

मुद्दाम पाडून बघा. पायथनमध्ये सीटाइप्स इम्पोर्ट करून त्याच्या स्ट्रिंग-ॲट (मध्ये अंडरस्कोर) फंक्शनला शून्य द्या, जागेवर सेगफॉल्ट होतो. मग तीन गोष्टी तपासा: आकडा १३९ आला का, फॉल्टहँडलरची ओळ लॉगमध्ये उतरली का, कोअर यादीत दिसतो का. टर्मिनलमधून एकदा आणि सर्व्हिस म्हणून एकदा, कारण दोन्हींचे नियम वेगळे. मी हे नवरात्रात करतो, काट्यावर अजून सामसूम असते तेव्हा.